क्रेनवालीचा ताठा

प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून क्रेनवाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासऱ्यांची थोरली बहीण, आत्या, खाटेशी बसल्या होत्या. मांडीवर बायबल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“राग मानू नकोस,” आत्या म्हणाल्या, “पण बायबलभर हेच आहे बघ. जो ताठला, तो आपटला. तूही गोदीतली पहिली क्रेनवाली म्हणून मिरवायचीस. देवाने खाली आणलं.”

क्रेनच्या शिडीची पायरी तुटून क्रेनवाली दोन पुरुष उंचीवरून पडली, त्याला नऊ दिवस झाले होते. नऊही दिवस तिच्या मनात हेच घोळत होतं. मिरवलं तर होतंच. पहिल्या दिवशी केबिनमधून खालच्या झाडून सगळ्यांना हात केला होता.

सासरे दारात उभे होते. तीस वर्षं ते दर रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवत आले होते, पण घरात त्यांचा आवाज क्वचितच निघे.

“ताई, ईयोबाचं काय मग? भल्या माणसाची मुलं गेली, गुरं गेली, अंगभर फोड आले. मित्र म्हणाले, तुझंच काही चुकलं असणार. शेवटी देव रागावला कुणावर?”

“मित्रांवर,” आत्या पुटपुटल्या. मग मान वर करून म्हणाल्या, “पण त्या बाबेलच्या राजाला गर्वाचीच शिक्षा झाली ना?”

“झाली की. पण त्याला देवाने आधी बजावलं होतं, वर वर्षभर थांबलाही. म्हणून प्रत्येक पडलेल्याच्या कपाळावर तेच लिहायला आपल्याला कुणी सांगितलंय?”

तेवढ्यात फोन वाजला. गोदीतला मुकादम होता. क्रेनवालीने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि दोघांकडे वळली.

“सगळ्या शिड्या तपासल्या म्हणे. चार नंबरच्या क्रेनचीही पायरी गंजून सुटायला आली होती.”

“त्या क्रेनवर कोण असतं?” सासऱ्यांनी विचारलं.

“गोदीत सगळे ज्यांना काका म्हणतात, ते. जन्मात कुणाला अरे म्हटलं नाही त्यांनी. वाटेत मांजर आलं तरी बाजूला होतात.”

सासरे खो खो हसले. आत्यांनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. क्रेनवाली हसली तशी पायातून कळ गेली, तरी तिला हसू आवरेना. नऊ दिवस छातीवर असलेला धोंडा कुठल्या कुठे गेला.

आत्यांनी बायबल मिटून बाजूला ठेवलं आणि पायाखालची उशी सारखी केली.

“परत चढणार का गं?”

“पाय बरा झाला की लगेच.”

“एवढ्या उंचावरून दिवसभर बघतेस तरी काय?”

“आपली गच्ची दिसते तिथून,” क्रेनवाली सासऱ्यांकडे बघत म्हणाली. “बाबांनी चादरी वाळत घातल्या की कळतं, घरी सगळं ठीक आहे.”