ठरलेला मार

“नाकावर नको,” गवंडी म्हणाला. “नाक मोडलं तर सिमेंटच्या धुळीत काम कसं करू? गालावर दोन दे. ओठ फुटला तरी चालेल.”

“पैलवानाला तू मार शिकवतोस?” गोदामातला हमाल हसला. त्याला सारे पैलवानच म्हणत. “तोंड बांधून येईन, बोलणार नाही, पिशवी घेऊन पळेन. झालं?”

“झालं. पण रक्त दिसायला हवं, बाबा. वायरमन असातसा फसणारा नाही.”

परमुलखात एका खोलीत राहणाऱ्या सहा जणांनी, त्यांत गवंडी आणि वायरमनही आले, भिशी लावली होती: पैसे दरमहा भरायचे, दर सहा महिन्यांनी एकेकाने उचलायचे. बँकेचे कार्ड एकट्या गवंड्याजवळ असल्याने पैसे त्याच्याच खात्यात जमत. पुढे त्याची मजुरी कापली गेली, खोलीचे भाडे वाढले. तथापि घरी बायकोला पाठवायच्या रकमेला त्याने कात्री लावली नाही. दरमहाची तोंडमिळवणी तो भिशीतून करीत गेला. आज भिशी वायरमनची होती आणि खात्यात खडखडाट होता. अंघोळीच्या साबणावरून ज्याने एकाचा जबडा पान्याने फोडला, तो वडिलांच्या ऑपरेशनच्या पैशांसाठी काय करील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सुटीची दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. गवंडी बँकेच्या यंत्रापाशी उगाच घुटमळला, रद्दी कोंबलेली पिशवी त्याने जिवापाड जपल्यासारखी छातीशी धरली आणि ठरलेल्या बोळात शिरला.

पहिला तडाखा पाठीमागून आला, आणि तोही लोखंडी दांड्याचा. गवंडी गुडघ्यांवर कोसळला.

“अरे, सावकाश!” तो पुटपुटला. “दांडा कुठं ठरला होता?”

तोंड बांधलेल्या धिप्पाड इसमाने उत्तरादाखल त्याच्या मनगटावर दांडा हाणला. हाड काडीसारखे मोडले. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी गवंड्याला मनोमन त्याचे कौतुक वाटले. न बोलण्याचे ठरले म्हणजे चकार शब्द नाही! असा वचनाचा पक्का माणूस दिवा घेऊन शोधावा लागतो.

इसमाने पिशवी हिसकावून टराटरा फाडली. रद्दी बोळभर उडाली. क्षणभर तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग पिसाळल्यासारखा लाथा घालू लागला. बरगड्यांत, पोटात, शेवटी टाच नेमकी नाकावर. गवंड्याने रक्ताची गुळणी टाकली. तीत दोन दात होते.

“पुरे, पैलवान! एवढ्यावर वायरमनच काय, त्याचा बापही विश्वास ठेवेल. आता पळ!”

इसम पळाला नाही. त्याने कमरेचा सुरा काढला, गवंड्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि दुसऱ्या हाताने त्याचे खिसे उलटेपालटे केले. खिशांत दमडीही नाही हे पाहून त्याने सुऱ्याचे टोक गळ्याला लावले.

तेवढ्यात खिशातून खाली पडलेला फोन वाजला. वायरमनच असणार! ऐकू दे मेल्याला. याहून चांगला पुरावा कोणता? गवंड्याने धडक्या हाताच्या रक्ताळलेल्या अंगठ्याने फोन दाबला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून बोंब ठोकली, “वाचवा रे! भिशी लुटली!”

“अरे, कानाचे पडदे फाडशील माझ्या,” पलीकडून पैलवान म्हणाला. “बस चुकली, अजून गोदामापाशीच आहे मी. तू एवढ्यात बोळात शिरू नकोस.”