जीप

ठाण्याच्या पासिंगची जीप पुन्हा मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. तुळशीदास सरांनी शिट्टी तोंडातून काढली.

"कान्हा, तू बाहेर ये."

"आता तर सामना सुरू व्हायचाय, सर."

"म्हणूनच. आज तू बसायचं."

जव्हारच्या या कॉलेजात रग्बीचा संघ यंदाच निघाला होता. लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, एवढंच सुरुवातीला पोरांना कळलं होतं. सरही हा खेळ मोबाइलवर बघूनच शिकले. पहिले दोन सामने हरले, मग कान्हाला सूर सापडला. जामसरचा हा काटक पोरगा भात कापलेल्या शेतातून अनवाणी पळत वाढलेला. त्याला धरायला तिघे लागत. त्याच्या जोरावर संघ आज शेवटच्या सामन्यापर्यंत आला होता. हा जिंकला की चषक जव्हारला.

पण दिवाळी होऊन गेली होती. दिवाळीनंतर जीपगाड्या येतात, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक. मुकादम येतो, दंड दाबून बघतो, गोड बोलतो आणि वीटभट्टीवर घेऊन जातो. कान्हाचा थोरला भाऊ मुकेश सरांचाच विद्यार्थी. अकरावीत असताना असाच एका जीपमध्ये बसला, तो पुन्हा वर्गात आला नाही. त्या दिवशी सर डेपोपर्यंत धावत गेले होते. उशीर झाला होता.

हा पांढऱ्या शर्टातला माणूस मागच्या सामन्यालाही आला होता. सामना संपल्यावर त्याने पोरांना केळी वाटली. कान्हाचे खांदे चाचपले, पाठीवर थाप मारली. मग सरांजवळ येऊन हळू आवाजात विचारलं होतं, "हा पोरगा कुठला?"

"इथलाच."

"अठरा पूर्ण आहेत ना? आधार कार्ड असेल?"

सर चेंडू पिशवीत भरत राहिले.

"घरचे सोडतील का त्याला? दोन-तीन महिने बाहेर राहावं लागेल. राहणं-खाणं आमच्याकडे."

सरांना मुकेश आठवला होता. पण त्यांनी आवाज चढवला नाही. तीस वर्षं शिकवून त्यांना एक कळलं होतं, भांडलं की मुकादम परस्पर घरी जातो. आई-बापाला भुलवतो. त्यापेक्षा त्याला माल नको वाटला पाहिजे.

"गुडघा गेलाय त्याचा," सर म्हणाले होते. "आजच. मैदानावरचे डॉक्टर म्हणतात, वर्षभर पळणं बंद, जड उचलणं बंद. तुमच्या काही कामाचा नाही तो."

माणसाचा चेहरा पडला होता. "खरं सांगताय?"

"मी त्याचा मास्तर आहे. खोटं कशाला सांगू?"

आणि आज तो पुन्हा आला होता. खात्री करायलाच, दुसरं काय?

सामना सुरू झाला. पाहुणा संघ दांडगा होता. मध्यंतराला जव्हार मागे पडलं. कप्तान रोहिदास धापा टाकत आला, ओठ फुटलेला.

"सर, कान्हाला आत सोडा ना! काय देवीला वाहिलाय का त्याला?"

"तू तुझं खेळ."

"हरू सर!"

"हरू दे."

रोहिदास ओठावरचं रक्त पुसत मैदानात परतला. पोरांना हरू दे म्हणणारे हे सर त्याने कधी पाहिले नव्हते.

पांढरा शर्ट आता बाकाच्या मागे, काही पावलांवर येऊन उभा होता. कान्हा उठायला लागला, तसा सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली दाबलं.

"सर, माझं काही चुकलं काय?"

"नाही रे बाळा."

"मग?"

"मग काही नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसतोस ना? तसा बस."

"तिथं तरी तुम्ही बोलू देता," कान्हा पुटपुटला. पण बसला.

शेवटच्या मिनिटाला रोहिदास रेषेपाशी पोचला, आणि पोचता पोचता आडवा झाला. चेंडू हातभर अलीकडेच राहिला. शिट्टी वाजली. जव्हार हरलं. पोरं जमिनीवर लोळून रडली. सरांनी कान्हाच्या खांद्यावरचा हात काढला, तेव्हा बोटं आखडली होती. त्यांना हलकं हलकं वाटत होतं. चषक काय, पुढच्या वर्षीही येईल.

बक्षिसांसाठी सगळे मांडवाखाली जमले. माइकवरून आवाज आला, "आता राज्याच्या संघाचे निवडकर्ते दोन शब्द बोलतील."

पांढरा शर्ट पायऱ्या चढून वर गेला.

"मी ओळख न देता हिंडतो," तो म्हणाला. "ओळख दिली की शिफारशी सुरू होतात. जो तो आपलंच पोर पुढे ढकलतो. इथल्या एका पोराला मी शिबिराला नेणारच होतो, त्यासाठी आज दुसऱ्यांदा आलो. पण त्याच्या सरांनी आधीच मला खरं काय ते सांगितलं होतं. आज डोळ्यांनी खात्री झाली. स्वतःच्या पोराविषयी इतकं खरं बोलणारा मास्तर मी पाहिला नाही. तुळशीदास सरांसाठी टाळ्या होऊन जाऊ द्या!"

सगळ्यात आधी कान्हाने टाळी वाजवली.