उसनी किंकाळी

"काकू, दचकू नका हं," ध्वनिसंग्रहातल्या तंत्रज्ञाने हेडफोन पुढे केला. "भलती किंकाळी आहे."

"माझीच आहे ती."

तो बघतच राहिला. "म्हणजे लहानपणी माझी झोप तुम्ही उडवलीत."

सुरा घेतलेल्या मुखवटेवाल्याचा तो सिनेमा चार मित्रांनी एका रिकाम्या घरात, मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर काढला होता. पुढे भयपट काढणाऱ्या प्रत्येकाने त्यातून काहीतरी उचललं. अंधारा जिना, मुखवट्याआडचा श्वास, शेवटी एकटी उरणारी मुलगी. किंकाळी तर जशीच्या तशी.

"नटीला ओरडणं जमेना, पैसेही संपलेले," काकू म्हणाल्या. "ध्वनिमुद्रण ह्यांचं. ह्यांनी माझी लावून दिली."

"रिटेक किती झाले?"

"छे. एकदाच. पुन्हा नसतंच जमलं मला."

"यंत्र घरीच होतं?"

"काखोटीलाच असायचं. कुठेही निघालो की आधी यंत्र, मग मी."

तो हसला. त्याही हसल्या. हसायला समोर माणूस असण्याची सवय मोडली होती.

शेजारच्या घरात दुपारी भयपट लागला, की भिंतीपलीकडून त्यांचीच किंकाळी यायची. त्या गॅस बारीक करून भिंतीला कान लावत. किंकाळी विरल्यावरही क्षणभर तशाच उभ्या राहत. मग पुन्हा भाजी चिरायला बसत.

"आता हक्क सांगणार?" तंत्रज्ञाने विचारलं.

"नाही रे. नुसती ऐकायचीय. सिनेमात कापून लावलीय, मला अख्खी हवी. ह्यांनी कधी ऐकू दिली नाही. तुला त्रास होईल म्हणायचे. ते गेल्यावर त्यांची खोकी इथे आली, म्हणून आले."

"टेप पार वाळलीय, काकू. मधेच तुटली तर हातात काही उरणार नाही."

"लाव तू."

दोघांनी हेडफोन चढवले. चकती फिरू लागली. किंकाळी आली. रोज हेच काम करणाऱ्या त्या पोराचेही खांदे आखडले. सिनेमात जिथे कात्री लागली होती, ती जागा मागे पडली. त्याने बटणाकडे हात नेला. काकूंनी त्याचं मनगट धरलं.

"थांब."

खरखर. भांडं आपटल्याचा आवाज. कुणीतरी "मुलगा आहे" म्हणालं. मग बारीक, ओलसर रडणं आलं. एकदा, आणखी एकदा. पुन्हा नुसती खरखर.

"एवढंच रडला म्हणे तो," काकू म्हणाल्या. "मी शुद्धीवर नव्हते तेव्हा."