चढावरची चाचणी

शेवटी पिकअपच्या इंजिनात सगळ्यात मवाळ ट्यूनिंग बसलं. पण असं काही झालंच नाही असं आपण धरून चालू, कारण पिकअपवाला तसंच धरून चाललाय.

तर जे झालंच नाही ते असं. पिकअपवाला खिडक्यांच्या काचा वाहायचा. गावाबाहेरच्या चढावर त्याला सगळे मागे टाकायचे, तेही त्याने सोसलं. पण त्या सकाळी कचरागाडीने मागे टाकलं, आणि वर कचरागाडीवाल्याने टाटा केला. माणसाने सोसायचं तरी किती! तो काचांसकट तडक मेकॅनिककडे गेला. हा मेकॅनिक लॅपटॉप जोडून इंजिनाचा जोर वाढवून द्यायचा; त्याच्याकडे मवाळ, मधलं आणि सुसाट अशी तीन ट्यूनिंग होती.

"सुसाटवालं टाका."

"आधी चाचणी," मेकॅनिक म्हणाला. "घरातलं सगळ्यात मोठं माणूस शेजारी बसवायचं आणि तिन्ही ट्यूनिंग चढावर पळवून बघायची. लॅपटॉप नुसते आकडे सांगतो. खरं काय ते तोंडावर दिसतं."

सासूबाईंना आणलं. त्या मधे, मेकॅनिक खिडकीशी. मवाळ ट्यूनिंगवर सासूबाईंना झोप लागली. मधल्यावर त्यांनी जागं होऊन केस सारखे केले. सुसाटवर गाडीने अशी काही उसळी घेतली की मागे काचा किणकिणल्या आणि सासूबाई कडाडल्या, "जावईबापू, ब्रेक कशाला? आत्ता कुठे मजा यायला लागली होती!"

"बघा, पास!" पिकअपवाला कसाबसा म्हणाला.

"त्या पास. पण मी तुमचं तोंड बघत होतो. पांढरेफटक पडलात." मेकॅनिकने लॅपटॉपवर बोट आपटलं. "मवाळ."

"मग यांना कशाला बसवलंत?"

"घरचं मोठं माणूस शेजारी असलं की चालवणारा स्वतःचं तोंड सांभाळायला विसरतो."

"अहो, पण गाडी माझी! पैसे माझे!"

"तोंडही तुमचंच."

परत येताना चढावर कचरागाडीने पुन्हा मागे टाकलं. टाटा झाला. सासूबाईंनी उलट टाटा केला.

"किती छान चालवतो ना हा!" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पिकअपच्या मागच्या फाळक्यावर लाल रंगात मजकूर होता:

'या मार्गावरील सर्व वाहनांस, विशेषतः कचरागाडीस, विनंती करण्यात येते की सदर चढावर प्रस्तुत पिकअपच्या मागेच राहण्याची कृपा करावी. हुकुमावरून.'