भैंशाचा श्रोता

"सार, आज कागदावरून वाचा. शब्द न शब्द," राजमल्लू म्हणाला आणि त्यानं गिटार मांडीवरून खाली ठेवली.

व्यंकटराव दारातच थांबले. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. डावा डोळा मोतीबिंदूनं आधीच गढूळ. तरी सायकलरिक्षा करून ते मंचेरियलच्या कॉलनीतल्या या पत्र्याच्या खोलीत आले होते. 'थर्ड शिफ्ट' बंद करायचा की नाही, ते आज ठरणार होतं.

'थर्ड शिफ्ट' म्हणजे कोळशाच्या खाणीतली चार पोरं, दोन गिटारी, एक ऑर्गन, एक ड्रम. वाजवायचे रॉक, गाणी तेलुगू आणि स्वतः रचलेली. एकोणनव्वदच्या दसऱ्याला ते स्टेजवर चढले, तेव्हा लोकांनी दोन गाणी सोसली आणि तिसऱ्याला सिनेमाची फर्माईश केली. त्यानंतर कुणी बोलावलं नव्हतं. घरी लेकरं, खाणीत शिफ्ट, दोन्हीकडे पाठदुखी. ऑर्गनवाल्याला वाजवता वाजवता डुलकी लागे, आणि खरं सांगायचं तर गाण्याला त्याचा पत्ता लागत नसे.

पोरांच्या लेखी चाहता एकच. व्यंकटरावांचा मेहुणा चंपतराव, भैंशा गावच्या कापसाच्या जिनिंगमधला फिटर. नवी गाणी झाली की पोरं ती कॅसेटवर भरून भैंशासाठी व्यंकटरावांच्या हाती देत. महिन्या-दोन महिन्यांनी चंपतरावांचं पोस्टकार्ड येई. मराठीत. व्यंकटराव ते डोळ्यांजवळ धरून पोरांना तेलुगूत सांगत. सहा वर्षं हे असं चाललं होतं.

कौतुकही कसं, तोललेलं. पाचव्या गाण्यात गिटार अर्धी मात्रा मागे पडते, पण पडू द्या, दमलेला माणूस तसाच चालतो. ड्रमवाला घाई करतो. हे ड्रमचं वाक्य प्रत्येक पत्रात असायचंच. ते आलं की ड्रमवाला ओदेलू गालात हसायचा. तो नेहमी व्यंकटरावांच्या मागे, खांद्याशी उभा असे. चार खुर्च्यांत पाचव्याला जागा नव्हती.

व्यंकटराव स्वतः खाणीच्या ऑफिसात हजेरीबाबू. उशीर नऊ मिनिटं झाला तर नऊच लिहिणार. दहा नाही, आठही नाही. आणि हजेरीवाल्यानं कुणाला चांगलं म्हटलं की बाकीचे लगेच विचारतात, यानं बाबूच्या घरी काय पोचवलं? त्यामुळे या पोरांना त्यांनी कधी 'बरं' सुद्धा म्हटलं नव्हतं. "मला त्यातलं कळत नाही. मी आपला टपालवाला," एवढंच.

"डोळ्याला पट्टी आहे रे," ते आता म्हणाले. "बायकोनं वाचून दाखवलंय. पाठ आहे, सांगतो."

"पाठ नको, सार." राजमल्लूचा आवाज चिडका नव्हता, नुसता दमलेला होता. "उद्या करीमनगरचे ऑर्केस्ट्रावाले सामान न्यायला येतात. द्यायचं की नाही, ते आज सांगायचंय. एक तरी माणूस खरंच ऐकतो का, तेवढं मला कागदावर पाहिजे. मराठी शाळेच्या मास्तरांना बोलावतो."

"मास्तर कशाला? पट्टी निघू दे, मी वाचतो."

"तोवर सामान नसेल."

नवं कार्ड होतं त्या खिशावर व्यंकटरावांनी हात ठेवला, तो काढला नाही.

"आना इकडं सार, मी वाचतो," मागून ओदेलू म्हणाला. मराठीत.

सगळ्यांनी माना वळवल्या. "तुला मराठी येतं?" राजमल्लूनं विचारलं.

"चौथीपर्यंत भैंशाला होतो. मावशीकडे."

"मग सहा वर्षं तोंड शिवलं होतं?"

"कुणी विचारलं? सार चांगलं वाचत होते."

त्यानं व्यंकटरावांचा हात हळूच बाजूला केला, कार्ड काढलं आणि खिडकीपाशी गेला. एकदा मनात सगळं वाचलं. मग ओळीखाली बोट धरून मोठ्यानं, आधी मराठीत, मग तेलुगूत.

"'रामराम. कॅसेट ऐकली. तिसऱ्या गाण्यात राजमल्लूचा आवाज फाटला. फाटू द्या, त्याले नीट करू नका. जिन बंद झाल्यावर कानात जे घुमत राह्यते, ते मी दुसरीकडं कुठंच नाही ऐकलं. ऑर्गनवाला झोपते. झोपू द्या, झोपेतबी सूर सोडत नाही. आन् ड्रमवाल्याले इचारा, घाई काऊन करून राह्यला बाप्पा? मी कुठं पळून चाललो? तुमी थांबले तं मंग मी काय ऐकू?'"

ऑर्गनवाला जागा झाला होता. "झोपतो म्हणाला? मी?" पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

राजमल्लूनं गिटार उचलली. "करीमनगरवाल्यांना नाही म्हणून कळवा," तो म्हणाला. "आणि ओदेलू, घाई करू नको."

त्यांनी नवी गाणी वाजवली, कॅसेट भरली, व्यंकटरावांना दिली. ओदेलूनं कार्ड त्यांच्या खिशात परत ठेवून खिसा वरून थोपटला. "भैंशाला आमचा नमस्कार सांगा, सार."

घरी दमयंतीबाई दारातच उभ्या होत्या. "माह्या भावाचं कार्ड तीन दिवस खिशात घिऊन फिरून राह्यले तुमी. मले वाचू तं द्या!" कार्ड ओढून त्यांनी तिथंच वाचलं. "'म्हैस आटली. आईचे गुडघे दुखतात. विहिरीचं काम अडलं. भाऊजींच्या डोळ्याचं कळवा.' झालं! दर खेपेस हेच रडगाणं. दुसरं काईच लिवत नाही दादा."

पलंगाखालची ट्रंक ओढून, चाचपत, भैंशाला कधीच न गेलेल्या बावीस कॅसेटींवर व्यंकटरावांनी तेविसावी ठेवली.