दुहेरी टाका

राष्ट्रीय महिला हॉकी संघाच्या नशिबी दरवर्षी पुरुष संघाने वापरून टाकलेल्या जर्सी येत असत. त्या खांद्यात बारीक करून, पाठीवरील नावांवर मुलींच्या नावांच्या पट्ट्या शिवण्याचे काम टेलरमास्तरांकडे असे. संघाची कर्णधार त्यांचीच लेक होती. तिच्या पट्टीला ते दुहेरी टाका घालीत, म्हणजे ती मैदानात कितीही पडली-झडली तरी नाव उसवू नये.

मुलींनी विश्वचषक जिंकून आणला. त्यानंतर ना सत्कार झाला, ना नोकरी मिळाली. लेक बापाच्याच दुकानात काजे-बटणे करीत बसू लागली.

“बाबा, अंतिम सामन्यातली माझी जर्सी क्रीडा खात्याच्या दालनात काचेत लागणार आहे म्हणे,” ती अधूनमधून सांगे. तेवढ्या एका आशेवर ते घर तग धरून होते.

एके दिवशी खात्याचा कारकून खरोखरच ती जर्सी घेऊन आला. मास्तरांनी हात धुऊन ती मशीनवर अलगद पसरली.

“कुठे उसवली आहे, साहेब?”

“उसवलेली नाही, उसवायची आहे. ही पट्टी काढा आणि खालचं पुरुष संघातल्या त्या खेळाडूचं नाव दिसू द्या. लोक त्याला ओळखतात.”

मास्तरांनी कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“घाई आहे हो मास्तर. तुम्हाला जमत नसेल तर या बटणवाल्या ताईंकडे द्या.”



“द्या बाबा,” लेक हात पुढे करून म्हणाली, “दुहेरी टाका आहे तो, तुमच्या हातून निघायचा नाही.”