मुदत पाचपर्यंत

ब्रिन शाळेत असतानाच कॉलेजचा रसायनशास्त्राचा विषय शिकत होती. तो सोडण्याची मुदत आज पाच वाजता संपणार होती. त्यानंतर नापास झाली, तर तो शेरा विद्यापीठापर्यंत तिच्यासोबत राहणार होता. म्हणून तिची आई ट्वायला प्राध्यापिका ओल्सेन यांच्यासमोर अस्वस्थपणे बसली होती.

“माफ करा. कॉलेजचा विषय आहे. विद्यार्थिनीच्या लेखी संमतीशिवाय मला तुमच्याशी बोलता येत नाही.”

“अहो, सोळा वर्षांची आहे ती! परवा दाढ काढायला माझी सही लागली. आणि मार्क तेवढे मला कळायचे नाहीत?”

“ते तिनंच सांगायला हवं.”

ट्वायला तणतणत गाडीपाशी आली. साडेचार वाजले होते. आत ब्रिन नखं कुरतडत होती.

“काय म्हणाल्या?”

“कायदा दाखवला! म्हणे, तू आता कॉलेजची झालीस. घरात स्वतःचे मोजे सापडत नाहीत तुला!”

ब्रिनचा चेहरा उतरला.

“म्हणजे काहीच नाही सांगितलं? आई, मी तुला मुद्दाम आत पाठवलं गं. वाटलं, त्याच सांगतील... म्हणजे मला सांगावं लागणार नाही.”